आवाज येतो, शब्द येत नाही

औषधाच्या दुकानात संध्याकाळची गर्दी असते. वर पंखा घरघरत असतो, मागे रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, काउंटरवर चार जणांचे हात एकदम पुढे आलेले. दुकानदार गोळ्यांची पट्टी कागदी पिशवीत सरकवतो आणि खाली मान घालूनच म्हणतो, "साठ." समोरचे आजोबा खिशातून दहाची नोट काढतात आणि दोन रुपये परत मिळतील म्हणून हात तसाच धरून उभे राहतात. "साठ हो आजोबा, साठ!" रांगेत कुणीतरी हसतं. आजोबाही हसतात, नोट बदलतात आणि पुढच्या वेळी एकट्याने यायचं नाही असं मनाशी ठरवून घरी जातात.

असं दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही पेठेत बघायला मिळतं. बघणाऱ्यांना वाटतं, आजोबांना ऐकू येत नाही. पण त्यांना ऐकू आलेलं असतं. 'आठ' असं अगदी स्पष्ट ऐकू आलेलं असतं. वाटेत हरवलेला असतो तो फक्त 'स'.

ऐकू कमी येणं म्हणजे रेडिओचं बटण फिरवून आवाज बारीक करणं, अशी बहुतेकांची समजूत असते. खरी गोष्ट वेगळी आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. आवाजाच्या लहरींचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात आणि मेंदूकडे पाठवतात. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी तीव्र, बारीक आवाज टिपतात. आतल्या टोकाकडच्या पेशी जाड, खर्जातले. जुन्या वाड्याच्या उंबरठ्याची झीज जशी सगळ्यात आधी दिसते, तशी वयाने किंवा गोंगाटाने होणारी झीज बहुधा या तोंडाशीच सुरू होते. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता बोलण्याकडे बघा. बोलण्यातली ताकद स्वरांत असते. आ, ओ, ई हे जाड आणि दणकट आवाज. अर्थाचा मोठा भार मात्र व्यंजनांवर असतो, आणि त्यातले स, श, फ, थ, ख हे फुसफुसणारे आवाज नेमके बारीक आणि दुबळे. पुढची पायरी गाठली तर काय होतं, ते करून बघता येतं. 'चहा घेणार का' या वाक्यातली सगळी व्यंजनं काढून टाका. उरतं 'अ-आ ए-आ आ'. कुणीतरी बोललं हे कळलं, प्रश्न विचारला हेही चढत्या सुरावरून कळलं. काय विचारलं ते मात्र कळलं नाही. म्हणूनच कानाच्या डॉक्टरांकडे येणारी माणसं पुन्हा पुन्हा एकच तक्रार करतात: आवाज येतो, शब्द कळत नाही. त्यातही बायका आणि लहान मुलांचं बोलणं आधी निसटतं, पुरुषाचा जाड आवाज बराच काळ टिकतो. 'माझं ऐकू येत नाही, मित्राचं बरं ऐकू येतं' या घरोघरच्या भांडणाचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणावरचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. उपचारांची किंवा पुनर्वसनाची गरज भासेल इतकं कमी ऐकू येणाऱ्यांची संख्या जगात ४३ कोटींच्या आसपास आहे आणि २०५० पर्यंत ती ७० कोटींवर जाईल, असं त्यात म्हटलं आहे. साठी ओलांडलेल्या दर चार जणांमागे एकाला तरी हा त्रास असतो. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणाचं अपंगत्व ५० लाखांहून अधिक लोकांनी नोंदवलं. हा आकडा लहान वाटायचं कारण उघड आहे. जनगणनेच्या माणसाला दारात उभं करून 'आमच्या घरी कमी ऐकू येणारं माणूस आहे' असं आपणहून सांगणारी घरं थोडी. पुष्कळदा त्या माणसालाच ते मान्य नसतं.

मान्य न करण्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. डोळ्यांना कमी दिसू लागलं की माणूस चष्मा लावतो आणि अभ्यासू दिसतो. कानाला यंत्र लावलं की एका दिवसात म्हातारा होतो. आपल्या बोलण्यात 'ठार बहिरा' असा शब्द आहे. तसा 'ठार' डोळ्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. नाटकांत भलतंच ऐकून भलतंच उत्तर देणारे आजोबा पिढ्यान्‌पिढ्या हशे वसूल करत आले. कमी दिसणारा माणूस चुकून खांबावर आपटला तर लोक धावतात; कमी ऐकू येणारा चुकून भलतं बोलला तर लोक हसतात. ही सवय इतकी जुनी आहे की ती क्रूर आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

घरातली घसरण फार हळू होते. आधी टीव्हीचा आवाज दोन रेघांनी वाढतो. मग कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. मोबाइल वाजला की तो नातवाच्या हातात दिला जातो. पंगतीत, बारशाला, लग्नाच्या हॉलमध्ये माणूस सगळीकडे असतो, पण कडेच्या खुर्चीत. चारजण एकदम बोलू लागले की कुणाकडे बघावं ते कळत नाही; एकाच्या ओठांवर नजर जाईपर्यंत दुसऱ्याचं वाक्य संपलेलं असतं. सगळे हसले की तोही हसतो. मग हळूच शेजारच्याला विचारतो, "काय म्हणाला गं तो?" आणि उत्तर येतं, "काही नाही, जाऊ दे."

कमी ऐकू येणाऱ्यांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त दुखवणारं वाक्य हेच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. विनोद साधाच होता, पुन्हा सांगण्यासारखा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्यापर्यंत त्यातला 'जाऊ दे' एवढाच भाग पोहोचतो, आणि तो दिवसातून दहा वेळा पोहोचतो. काही महिन्यांनी तो विचारणंच सोडतो. मग घरचे म्हणतात, हल्ली ते फार बोलत नाहीत, स्वभावच बदललाय.

याचे परिणाम मनावर थांबत नाहीत. स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या आणि टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या गोष्टींची यादी 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये नव्याने मांडली. त्या १४ गोष्टींत श्रवणदोष वरच्या क्रमांकावर आहे. यंत्र लावलं म्हणजे स्मृतिभ्रंश टळतोच, असं त्यावरून म्हणता येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण झालेल्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांची जोखीम आधीपासून जास्त होती, त्या वृद्धांमध्ये मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झालेली आढळली. सगळ्यांना फायदा दिसला नाही, हे दुर्लक्ष करायला पुरेसं कारण नक्कीच नाही.

ओरडून बोलल्याने प्रश्न सुटेल असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि तिथेच गोष्ट बिघडते. ओरडताना स्वर मोठे होतात, 'स' आणि 'फ' तेवढेच राहतात. शिवाय आतल्या कानाची झीज झाली की ऐकण्याचा पट्टाच अरुंद होतो: हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा झाला की लगेच असह्य होतो. "मोठ्याने बोल" म्हणणारी आजी पुढच्याच क्षणी "ओरडतोस काय, बहिरी आहे का मी?" असं म्हणते, तेव्हा ती चक्रमपणा करत नसते. दोन्ही वाक्यं खरी असतात. आणि ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, हे वेगळंच.

मग माणूस ओठ वाचायला लागतो. कुणी शिकवत नाही, आपोआपच. पण ओठांवर भाषा किती असते? शाळेत पाठ केलेली वर्णमाला इथे उपयोगी पडते. क, ख, ग, घ हे कंठ्य वर्ण. ते घशात घडतात, ओठांवर त्यांचा मागमूस नसतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठांवरच घडतात, पण एकमेकांसारखे हुबेहूब दिसतात. आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'बाबा आले' आणि 'मामा आले' म्हणून बघावं. फरक दिसत नाही. उरलेलं सगळं अंदाजाने भरायचं, संदर्भ जोडत, चेहरा वाचत, दिवसभर. संध्याकाळपर्यंत डोकं शिणून जातं. बोलणाऱ्याला झुपकेदार मिशी असेल, तो तोंडात सुपारी ठेवून बोलत असेल किंवा त्याच्या पाठीमागे खिडकी असेल, तर तेवढाही आधार जातो. २०२० मध्ये सगळ्या जगाने मास्क लावला, तेव्हा दवाखान्यात, बँकेत, रेशन दुकानात या माणसांचं काय झालं असेल याची कल्पना त्यावरून करावी.

श्रवणयंत्राबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. चष्मा लावला की अक्षर त्या क्षणी स्पष्ट दिसतं. यंत्राचं तसं नसतं. कित्येक वर्षं शांततेला सरावलेल्या मेंदूवर पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची कुरकुर, पंख्याची घरघर आणि स्वतःच्याच चघळण्याचा आवाज एकदम आदळतो. त्यातून बोलणं निवडून काढायला मेंदूला काही आठवडे लागतात. आधी घरातल्या शांत खोलीत तास-दोन तास, मग हळूहळू वाढवत न्यावं लागतं. ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन यंत्राची मापं बसवून घ्यावी लागतात. हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. मग आठव्या दिवशी 'कानाचं मशीन' डबीत आणि डबी कपाटात जाते, आणि "एवढे पैसे घातले आणि वापरत नाहीत" हा विषय घरात कायमचा सुरू होतो. यंत्राचा फायदा होऊ शकेल अशा लोकांपैकी जगात जेमतेम १७ टक्केच ते वापरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पैशाचा भाग मोठा आहे. लाजेचा भागही लहान नाही.

प्रत्येक श्रवणदोष यंत्राकडेच जातो असंही नाही. कानात मळ घट्ट बसणं, पडद्याला भोक पडणं, मधल्या कानात पाणी साचणं यांवर उपचार असतात, शस्त्रक्रिया असतात. लहानपणी 'कान फुटला', पू आला, गरम तेलाचे दोन थेंब घातले, थांबला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला. हे चक्र वर्षानुवर्षं चालू दिलं तर ऐकणं जातं. लसूण घालून कढवलेलं तेल, हेअरपिन, काडेपेटीची काडी, रस्त्यावरचा कान साफ करणारा, यांतलं काहीही कानाला मानवत नाही. आणि एक गोष्ट तर प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी: सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, कानात रातकिडे किर्र वाजू लागले, तर मळ असेल म्हणून आठवडाभर थांबू नये. आतल्या कानाच्या अशा झटक्यावर औषधं असतात, पण ती पहिल्या काही दिवसांतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात.

लहान मुलांच्या बाबतीत उशिराची किंमत याहून कितीतरी जास्त असते.

जन्मतः ऐकू न येणारं बाळ इतर कुठल्याही बाळासारखंच दिसतं. रडतं, हसतं, काही महिने हुंकारही देतं. आजी थाळी वाजवून बघते, बाळ दचकतं, सगळे निर्धास्त होतात. ते हवेच्या झोताने, जमिनीच्या कंपनाने किंवा नुसत्या हाताच्या सावलीनेही दचकलेलं असू शकतं. दीड वर्षाचं झालं तरी बोलत नाही म्हटल्यावर घरात कुणीतरी हमखास सांगतं, "याचा बापही उशिराच बोलला." या एका वाक्यात वर्ष जातं. मेंदूत भाषा रुजण्याचा सगळ्यात सुपीक काळ पहिल्या तीन वर्षांचा असतो. म्हणून जगभर एक साधं वेळापत्रक मानलं जातं: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. तपासणी बाळ झोपलेलं असताना होते. कानात एक मऊ बोंडी ठेवतात, काही मिनिटं लागतात, दुखत काहीच नाही. जन्मजात बहिरेपणासह मुलांच्या अनेक विकारांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर इथून सुरू झाला. तरीही प्रसूतिगृहातून घरी जाताना बाळाचं वजन विचारणारे आईबाप शंभर असतील, तर कानांची तपासणी झाली का असं विचारणारे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

लहान मुलांमधला ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून झाली, तेव्हा अफवांनी घाबरून मुलांना घरी ठेवणाऱ्या पालकांना या लसीचा कानाशी काय संबंध आहे हे ठाऊक असतं, तर कदाचित त्यांनी वेगळं ठरवलं असतं. काही भागांत अजूनही मामेबहीण-आतेभावाची लग्नं होतात. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांमुळे जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. कानावर परिणाम करणारी काही औषधं आहेत, क्षयरोगावर पूर्वी दिली जाणारी काही इंजेक्शनं त्यांतलीच.

निदान झालं की घर हादरतं. ऐकू न येणारी बहुतेक मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, त्यामुळे पुढचा रस्ता घरात कुणालाच माहीत नसतो. काहींना यंत्र पुरतं. काहींना कॉक्लिअर इम्प्लांट करावं लागतं. त्यात शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेली तार थेट श्रवणाच्या मज्जातंतूला संदेश देते. लाखोंच्या खर्चाच्या या शस्त्रक्रियेसाठी लहान मुलांना सरकारी योजनेतून मदत मिळते. पण शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. त्यानंतर रोज, वर्षानुवर्षं, भाजी निवडताना, केस विंचरताना, बसस्टॉपवर उभं असताना मुलाशी बोलत राहावं लागतं. हे काम बहुधा आईच करते, बहुधा नोकरी सोडून करते, आणि कुठल्याही योजनेत त्याची मोजदाद होत नाही.

सगळ्यांचा रस्ता आवाजाकडेच जायला हवा का, हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करावी असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने भारतातली बधिर मुलांची पहिली शाळा सुरू झाली. मिलानच्या ठरावाची छाया पुढे शतकभर जगभरच्या वर्गांवर पडली: हात बांधा, ओठ वाचा, बोला. कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे त्याच परिषदेने या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला, तो २०१० मध्ये.

दरम्यान खुणांची ही भाषा वसतिगृहांत, खेळाच्या मैदानांवर, लोकल गाडीच्या दारात वाढतच राहिली. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदीचा हातांनी केलेला तर्जुमा नव्हे. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. 'तू काय खाल्लंस' यातला 'काय' तिच्यात शेवटी येतो आणि प्रश्नचिन्हाचं काम भुवया करतात. हात तोच ठेवून चेहरा बदलला तर अर्थ बदलतो. तिच्या अभ्यासासाठी दिल्लीत २०१५ मध्ये केंद्र स्थापन झालं आणि २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात १०,००० शब्द जमा झाले. ही भाषा बोलणाऱ्यांना 'मूकबधिर' म्हणणं चुकीचं आहे, हेही इथे सांगायला हवं. त्यांची स्वरयंत्रं धडधाकट असतात आणि त्यांना सांगण्यासारखं भरपूर असतं. मराठीत 'कर्णबधिर' हा शब्द रुळला आहे, तो नेमका आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने बाजू मांडली. सुनावणी ऑनलाइन होती. पडद्यावर एका चौकटीत दुभाषी, समोर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. कर्णबधिर वकिलाने या न्यायालयात उभं राहण्याची ती पहिली वेळ.

कर्णबधिर माणूस तोलामोलाचं काम करू शकतो, हे मुंबईत काहींनी याच्या कितीतरी आधी व्यवहारात आणून दाखवलं होतं. ध्रुव लाकरा यांनी २००९ मध्ये 'मिरॅकल कुरिअर्स' सुरू केली, ती कर्णबधिर कर्मचाऱ्यांच्या बळावर. विचार साधा होता: कुरिअरच्या कामात पत्ता वाचायचा असतो, रस्ता लक्षात ठेवायचा असतो आणि सही घ्यायची असते, बोलण्याची गरज फारशी नसते. साहेबांशी संपर्क मोबाइलच्या संदेशांवरून. पवईत २०१५ मध्ये उघडलेल्या 'मिर्ची अँड माइम' या रेस्तराँमध्ये वाढपी कर्णबधिर होते आणि मेनूकार्डात पदार्थाच्या नावाशेजारी त्याची खूण छापलेली होती. तिथे टेबलावर गोंधळून बोटं जुळवत बसायची ती ऐकू येणारी गिऱ्हाइकं. चूक झाली की वाढपी हसून खूण पुन्हा करून दाखवायचा, न कंटाळता.

कायदा मात्र यांच्या आणि औषधाच्या दुकानातल्या आजोबांच्या मध्ये एक मोठं रिकामं मैदान सोडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष असेल तर माणूस कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर 'कमी ऐकू येणारा'. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलहून जास्त दोष असला की त्या माणसाला मदतीची गरज आहे असं मानते. म्हणजे ५० डेसिबलचा दोष असलेली शिक्षिका, जिला मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न ऐकू येत नाही, किंवा एका कानाने पूर्ण बहिरा झालेला, उजवीकडून येणारा ट्रक डावीकडून येतोय असं वाटणारा दुचाकीस्वार, यांना प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, आणि सरकारच्या हिशेबात ते धडधाकटच.

त्यांना अडवणाऱ्या गोष्टी अगदी रोजच्या आहेत. लोकल गाडी दोन नंबरऐवजी चारवर येणार, हे फक्त लाउडस्पीकर सांगतो आणि बघता बघता आजूबाजूची गर्दी पूल चढू लागते. ज्याला ऐकू आलं नाही तो गर्दीकडे बघून अंदाज करतो. एसटी स्टँडवर तेच. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीतून नाव पुकारलं जातं, तेही एकदाच. बँकेचं कार्ड हरवलं तर ग्राहकसेवेला फोन करा, आणि फोनवर सांगितलं जातं की खातेदाराने स्वतः बोलायला हवं. या प्रत्येक ठिकाणी एक दिव्यांची पाटी, एक टोकन क्रमांक, एक लेखी संदेश पुरतो. चित्रपटांच्या बाबतीत निदान सुरुवात झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवर उपशीर्षकं देण्याचे आदेश दिले, आणि मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मराठी चित्रपटांना महोत्सवात इंग्रजी उपशीर्षकं असतात. घरच्या आजीला वाचता येतील अशी मराठी उपशीर्षकंही तितक्याच सहज मिळायला हवीत.

आणि मग आपला गोंगाट. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणं ही कानाची सीमा मानली जाते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. मुंबईच्या उत्सवांत १०० च्या पुढच्या नोंदी अनेकदा झाल्या आहेत. ढोलपथकातली मुलं महिनाभर रोज संध्याकाळी सराव करतात आणि विसर्जनाच्या दिवशी कित्येक तास वाजवतात. त्यांच्या कानात कापसाचा बोळा असतो, त्याचा उपयोग फारसा नाही. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. डीजेच्या भिंतीसमोर बाळाला खांद्यावर घेऊन नाचणारे बाप बघितले की जीव कासावीस होतो. दुसऱ्या दिवशी कानात जो 'सूं' आवाज राहतो, तो पेशींच्या दुखापतीचा असतो. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिली आहे. हॉर्नच्या बाबतीत मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एक भन्नाट प्रयोग जाहीर केला होता. काही चौकांत सिग्नलला आवाजाचं मापक जोडलं. ८५ डेसिबलच्या वर हॉर्न वाजले की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. गाड्या काही काळ तरी गप्प उभ्या राहिल्या.

मोबाइलवर बोललेलं लगेच अक्षरांत उमटवणारी ॲप्स आता मराठीतही चालतात. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून तपासणी, प्रशिक्षण, संशोधन सगळं चालतं. साधनं आहेत. घरातल्या जेवणाच्या टेबलावर मात्र यातलं काहीच लागत नाही.

तिथे लागतं ते एवढंच. टीव्ही बंद. आजीची खुर्ची भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांचे चेहरे दिसतील आणि त्यांच्यावर उजेड पडेल अशी. बोलायला सुरुवात करण्याआधी तिच्या खांद्याला हलकेच स्पर्श, म्हणजे नजर वळते. दुसऱ्या खोलीतून हाका नाहीत. ओरडणं नाही, जरा सावकाश, शब्द तोडून. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तसंच परत न म्हणता वेगळ्या शब्दांत. आणि विषय बदलला की आधी तो सांगायचा, कारण विषय कळला तर अर्धे शब्द ती स्वतःच भरून काढते.

सून ताटात भात वाढता वाढता थांबते, आजीच्या खांद्यावर हात ठेवते, समोर वाकून म्हणते, "आई, मामांच्या नव्या घराचं चाललंय."

आजी एक क्षण तिच्या ओठांकडे बघते.

"कोणते मामा? नाशिकचे ना? त्यांच्या घराला पाणी येतं का, ते विचारा आधी."